हस्तनिर्मित धातुफलकांची भिंतीवरील अदृश्य जोडणी : देवनागरी नामफलकांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

घराच्या दारावरील पितळी नामफलक असो वा दुकानाच्या दर्शनी भिंतीवरील धातूची अक्षरे असोत, जोडणीचे स्क्रू दिसू नयेत अशी अपेक्षा आज सर्रास केली जाते. ही अपेक्षा वरवर सजावटीची वाटली, तरी तिच्यामागे भारवहन, धातूंचे परस्परसंबंध, भिंतीचे स्वरूप आणि सुरक्षितता असे अनेक प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात अदृश्य जोडणीचे प्रमुख प्रकार, त्यांतील बलांचा हिशेब, महाराष्ट्रात आढळणाऱ्या भिंती व हवामान यांचा विचार केला आहे. देवनागरी लिपीतील शिरोरेषा अशा जोडणीस स्वाभाविक आधार पुरविते आणि जोडणी अदृश्य असली तरी अगम्य असता कामा नये, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : धातुफलक, नामफलक, अदृश्य जोडणी, शिरोरेषा, भारवहन, विद्युत्-रासायनिक गंज, प्रत्यावर्तनीयता.

१. प्रस्तावना

नामफलक हा वास्तूचा पहिला परिचय होय. महाराष्ट्रात घराला नाव देण्याची प्रथा जुनी असून ‘आनंद’, ‘शांती’, ‘मातृछाया’ यांसारखी नावे पितळ, तांबे वा लोखंड यांत घडवून दारावर लावली जातात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीसारख्या ठिकाणी तांब्या-पितळेवर हातोडीने ठोके देऊन मठारकाम करण्याची परंपरा आजही टिकून आहे. घरगुती भांड्यांची मागणी घटल्यानंतर अशा कारागिरांनी दिवे, शोभेच्या वस्तू व भिंतीवरील फलक यांकडे वळणे स्वाभाविक होते.

अलीकडच्या काळात या विषयाला आणखी एक संदर्भ प्राप्त झाला आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यामध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही मराठी भाषेत, देवनागरी लिपीत नामफलक लावणे बंधनकारक झाले आणि देवनागरी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असेही ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांना याच्या पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. यामुळे देवनागरी फलक तयार करणे व ते भिंतीवर बसविणे हे मोठ्या प्रमाणावरील काम बनले.

फलकाच्या अक्षरांविषयी, भाषेविषयी व आकाराविषयी चर्चा होते. परंतु तो भिंतीला धरून कसा ठेवावा, याचा विचार बहुधा शेवटच्या दिवशी, ड्रिल यंत्र हाती घेतलेल्या कामगारावर सोपविला जातो. फलकाच्या चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारणे ही सर्वांत सोपी रीत होय. हाताने घडविलेल्या पत्र्यावर असे चार स्क्रू दिसणे कारागिरास व मालकास खटकते. म्हणून जोडणी मागे लपविली जाते. नेमके येथेच जोखमीचे स्वरूप बदलते. दर्शनी स्क्रू सैल झाला, गंजला वा बाहेर आला तर तो दिसतो. लपलेला स्क्रू मात्र निकामी होईपर्यंत कोणतीही सूचना देत नाही. फलक ज्या दारावर असतो त्याच दारातून माणसांची ये-जा असते, ही बाब ध्यानी घेतली म्हणजे या विषयाचे गांभीर्य लक्षात येते.

२. अदृश्य जोडणीची संकल्पना

अदृश्य जोडणी म्हणजे फलकाच्या दर्शनी पृष्ठभागावर कोणतेही छिद्र वा स्क्रू न दाखविता, मागील बाजूस योजलेल्या साधनांनी फलक भिंतीला पक्का करण्याची पद्धती. या व्यवस्थेचे तीन घटक असतात : फलकाच्या पाठीला घट्ट केलेला भाग, भिंतीत रोवलेला भाग आणि या दोहोंना एकत्र आणणारा सांधा. यांपैकी कोणताही एक घटक दुर्बल असेल तर इतर दोघांची मजबुती व्यर्थ ठरते.

भिंतीत काही पक्के करावे आणि भिंत मात्र विद्रूप होऊ नये, ही गरज आधुनिक जोडणीसाधनांच्या मुळाशी आहे. पूर्वी भिंतीत मोठे छिद्र खोदून त्यात लाकडी खुंटी ठोकीत व तिच्यात खिळा वा स्क्रू बसवीत. १९११ च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दगडी बांधकामाची कमीत कमी हानी करून विद्युत उपकरणे बसविण्याच्या निमित्ताने जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी तंतुमय नळीसारखे साधन तयार केले. स्क्रू आत जाताच ते फुगून छिद्राच्या कडांना घट्ट धरून बसे. आज आपल्याकडे कामगारांच्या तोंडी असलेला ‘रावळ प्लग’ हा शब्द याच नावावरून आला आहे. पुढे १९५८ मध्ये जर्मनीतील आर्टूर फिशर यांनी नायलॉनचा प्लग तयार केला. आज बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे प्लग हे याच कल्पनेचे वंशज होत.

३. जोडणीचे प्रमुख प्रकार

३.१ चावीच्या छिद्राची खाच

फलकाच्या पाठीवरील पट्टीत खाली रुंद व वर अरुंद अशी खाच कापतात. भिंतीतील स्क्रूचे डोके रुंद भागातून आत घेऊन फलक किंचित खाली सरकविला की तो अडकतो. घराच्या आतील लहान व हलक्या फलकांसाठी ही रीत पुरेशी असते. तथापि संपूर्ण भार स्क्रूच्या डोक्याखालील दोन-तीन मिलिमीटर भागावर येत असल्याने आणि वर उचलताच फलक निघत असल्याने रस्त्यालगतच्या बाह्य भिंतीसाठी ती योग्य ठरत नाही.

३.२ पाठीवरील आटेदार सळ्या

सुट्या अक्षरांसाठी ही पद्धती सर्वाधिक प्रचलित आहे. अक्षराच्या पाठीला आटे पाडलेल्या लहान सळ्या झाळून वा वितळजोडाने बसवितात. बाजारात त्यांना ‘स्टड’ म्हणतात. भिंतीवर कागदी छाप चिकटवून त्यावरील खुणांप्रमाणे छिद्रे पाडली जातात, त्यांत राळयुक्त चिकटद्रव्य भरले जाते व सळ्या आत सरकविल्या जातात. सळीवर नळीचा छोटा तुकडा ओवल्यास अक्षर भिंतीपासून अलग राहते व त्याची सावली भिंतीवर पडते. या पद्धतीचा दोष असा की एकदा चिकटद्रव्य वाळल्यावर अक्षर काढताना बहुधा अक्षर तरी वाकते किंवा गिलावा तरी निघतो.

३.३ परस्परांत अडकणाऱ्या तिरप्या पट्ट्या

एका पट्टीची लांब कड ४५ अंशांत तिरपी कापून दोन भाग केले जातात. एक भाग भिंतीवर, तिरपी कड वर व भिंतीकडे खाच ठेवून, बसवितात. दुसरा भाग फलकाच्या पाठीला उलट दिशेने लावतात. फलक वरून खाली उतरविला की दोन्ही कडा एकमेकींत बसतात आणि फलकाचे वजनच त्याला भिंतीकडे ओढते. सुतारकामात ही युक्ती लाकडी पट्ट्यांनी साधली जाते. धातुकामात ‘झेड’ आकाराच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वापरतात. भार एका बिंदूवर न येता संपूर्ण पट्टीवर विभागला जातो, तसेच भिंतीतील स्क्रूंच्या जागा भिंतीच्या सोयीने निवडता येतात, हे या पद्धतीचे मोठे वैशिष्ट्य होय.

३.४ परतलेल्या कडांची पेटी

फलकाच्या चारही कडा मागे वळवून त्याला उथळ ताटाचा आकार दिला जातो. भिंतीवर आधी लहान चौकट पक्की करून तिच्यावर हे ताट टोपणासारखे बसवितात आणि खालच्या कडेतून बारीक स्क्रू पिळून ते जखडतात. समोरून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही. परंतु खाली वाकून पाहिल्यास स्क्रू सापडतो. अदृश्यता व सुलभता यांचा मेळ या रचनेत साधला जातो.

३.५ चिकटपट्टी

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्यांचा वापर वाढत आहे. येथे एक गोष्ट विसरली जाते. अशी पट्टी भिंतीला नव्हे, भिंतीवरील रंगाला चिकटते. रंगाचा थर गिलाव्यापासून सुटला की उत्तम प्रतीची पट्टीही रंगासह खाली येते. ओल धरणाऱ्या भिंतींवर तर हा धोका अधिकच असतो.

४. बलांचा साधा हिशेब

कोणतीही पद्धती निवडण्यापूर्वी फलकाचे वजन ठाऊक असणे आवश्यक आहे. ते काढणे अवघड नाही. एक घनमीटर पितळेचे वजन सुमारे ८,५०० किलोग्रॅम, तांब्याचे ८,९६०, पोलादाचे ७,८५० व ॲल्युमिनियमचे २,७०० किलोग्रॅम भरते. ९०० मि.मी. लांब, ३०० मि.मी. उंच व ३ मि.मी. जाड अशा पितळी फलकाचे वजन सुमारे ६.९ किलोग्रॅम होईल. पाठीची चौकट व पट्टी धरून ते १० किलोग्रॅम मानता येईल.

हे वजन स्क्रूंना दोन प्रकारे जाणवते. पहिला प्रकार सरळ खाली ओढण्याचा. दुसरा प्रकार फारसा ध्यानात घेतला जात नाही. तो म्हणजे स्क्रू भिंतीतून बाहेर उपटण्याचा. फलकाचा गुरुत्वमध्य भिंतीपासून दूर असल्याने फलक वरच्या बाजूस बाहेर कलू पाहतो. गुरुत्वमध्य भिंतीपासून २५ मि.मी. पुढे असून फलकाचा तळ वरच्या स्क्रूंच्या २५० मि.मी. खाली भिंतीला टेकलेला असेल, तर उपटणारी ओढ १० × २५ ÷ २५० म्हणजे अवघ्या १ किलोग्रॅम वजनाइतकी असते. मात्र तळाशी टेकू न देता संपूर्ण फलक केवळ वरच्या पट्टीवर सोडला आणि त्या पट्टीची खालची कड स्क्रूंपासून २५ मि.मी. अंतरावर असेल, तर तीच ओढ १० × २५ ÷ २५, म्हणजे १० किलोग्रॅमपर्यंत जाते. एका लहानशा टेकूच्या अभावी ओढ दसपट होते. अदृश्य जोडणीत खालचा टेकू हा शोभेचा भाग नसून भारवहनाचा भाग आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

बाह्य भिंतीवरील फलकास वाऱ्याचा विचार टाळता येत नाही. आय.एस. ८७५ (भाग ३) या भारतीय मानकात मुंबईसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदास ४४ मीटर, तर पुण्यासाठी ३९ मीटर दिला आहे. वेगाच्या वर्गास ०.६ ने गुणले असता दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मिळतो. उंची, परिसर व आकार यांसाठीचे गुणक तूर्त बाजूला ठेवले, तरी मुंबईसाठी हा आकडा सुमारे १,१६० येतो. वरील ०.२७ चौरस मीटर फलकावर तो सुमारे ३१४ न्यूटन, म्हणजे ३२ किलोग्रॅम वजनाइतका होतो. पुण्यासाठी तो सुमारे २५ किलोग्रॅम येईल. फलकाचे स्वतःचे वजन १० किलोग्रॅम असताना वादळी वारा त्याला तिपटीहून अधिक बलाने ढकलू वा ओढू शकतो. हा वारा फलकास आत दाबतो तसाच बाहेरही ओढतो. म्हणूनच तिरप्या पट्ट्यांवर नुसता अडकविलेला फलक घराबाहेर सुरक्षित मानता येत नाही. फलक वर उचलला जाऊ नये आणि त्याचा तळ बाहेर फेकला जाऊ नये, यासाठी खालच्या कडेला जखडणारा एक स्क्रू हवाच.

तिसरा घटक तापमानाचा. पश्चिमाभिमुख भिंतीवरील धातू पहाटे व दुपारी यांच्यात ४० अंश सेल्सिअसइतका तापमानबदल अनुभवू शकतो. एवढ्या फरकाने ३ मीटर लांबीचा पितळी फलक सुमारे २.३ मि.मी. लांबतो; भिंत त्या मानाने फारच कमी हलते. फलक दोन्ही टोकांना करकचून आवळला असेल तर तो मध्ये फुगतो वा प्लग सैल करतो. यासाठी मधला एक बिंदू स्थिर ठेवून उरलेली छिद्रे लांबट ठेवणे इष्ट ठरते.

५. शिरोरेषा : लिपीने दिलेला आधार

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही लिपीतील फलकास लागू पडते. देवनागरी फलकांच्या बाबतीत मात्र एक वेगळी शक्यता उपलब्ध आहे. रोमन लिपीतील अक्षरे तळरेषेवर सुटी उभी असतात. त्यामुळे धातूत कापलेले प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे भिंतीला जोडावे लागते. पाच अक्षरांच्या रोमन शब्दास प्रत्येकी तीन सळ्या धरल्या तर भिंतीत पंधरा छिद्रे पडतात आणि एखादे छिद्र जरासे चुकले तरी अक्षरांची ओळ वाकडी दिसते.

देवनागरीत अक्षरे शिरोरेषेखाली लोंबतात. शब्द एकसंध कापला तर शिरोरेषा ही सर्व अक्षरांना वाहून नेणारी तुळई ठरते. तिच्या मागे तेवढ्याच उंचीची अडकपट्टी लपविता येते व अख्खा शब्द तीन वा चार स्क्रूंवर उभा राहतो. अक्षरांचे बहुतांश वजन शिरोरेषेच्या खाली असल्याने गुरुत्वमध्य आधाराच्या खाली राहतो आणि शब्द ओळंब्याप्रमाणे आपोआप सरळ राहू पाहतो. लिपीची घडण आणि भार वाहण्याची गरज येथे एकाच रेषेवर येतात.

तथापि या सोयीच्या मर्यादाही समजून घेणे आवश्यक आहे. ‘ग’, ‘ण’ व ‘श’ या अक्षरांचा डावा अवयव आणि उजवा दंड हे केवळ शिरोरेषेनेच जोडलेले असतात. म्हणून तेथे शिरोरेषा बारीक कापल्यास अक्षर लवचीक बनते. ‘ध’, ‘भ’ व ‘थ’ या अक्षरांत शिरोरेषा खंडित होते. लांब शब्दात अशा जागी पाठीमागून पट्टी घालून सलगता राखावी लागते. उकार खाली लोंबतात व वाऱ्याने थरथरतात. त्यांना तळाशी टेकू देणे हितावह असते. सर्वांत नाजूक प्रश्न अनुस्वाराचा. ‘आनंद’ वा ‘शांती’ या नावांतील टिंब कशालाच चिकटलेले नसते. त्यासाठी एकतर स्वतंत्र सळी हवी किंवा अडकपट्टीपासून वर येणारी, समोरून न दिसणारी लहान दांडी झाळून तिच्यावर टिंब बसवावे लागते. विसर्गाच्या दोन टिंबांनाही हाच न्याय लागू पडतो. टिंब गळून पडल्यास शब्दाचा अर्थ वा रूप बिघडते, त्यामुळे लहान असूनही त्याची जोडणी दुय्यम मानता येत नाही.

हाताने घडविलेल्या फलकाची पाठ यंत्रनिर्मित पत्र्यासारखी सपाट नसते. ठोक्यांमुळे पत्रा कठीण होतो, पण त्यात उंचसखलपणाही येतो. म्हणून अडकपट्टी थेट पत्र्यावर न लावता तीन-चार ठिकाणी उंची जुळवून घेणारे टेकू द्यावे लागतात. शिवाय झाळकामाची उष्णता दर्शनी बाजूस डाग पाडते व ठोक्यांनी आलेला कठीणपणा त्या जागी कमी करते. पाठीचे सर्व झाळकाम शेवटचे मठारकाम व चकाकी देण्यापूर्वी आटोपणे यास्तव श्रेयस्कर ठरते. जोडणीची आखणी कारागिराच्या कामाआधी व्हावी लागते ती याच कारणाने.

६. भिंतीचे स्वरूप

भार अखेर भिंतच वाहते. महाराष्ट्रात एकाच गल्लीत भिन्न प्रकारच्या भिंती आढळतात व प्रत्येकीची मागणी वेगळी असते.

सर्वप्रथम गिलाव्याचा विचार करावा लागतो. बाह्य भिंतीवरील गिलावा साधारणतः २० मि.मी. जाड असतो. तो भार वाहण्यासाठी नसतो. ४० मि.मी. लांबीचा प्लग वापरला तर छिद्र किमान ६० मि.मी. खोल जाऊन प्लग संपूर्णतः विटेत वा दगडात बसला पाहिजे. छिद्रातील भुकटी फुंकून वा ब्रशने काढली नाही तर प्लग तिच्यावर घसरतो.

कोकण व गोव्यातील जांभा दगड सच्छिद्र असतो. छिद्र पाडताना मध्येच पोकळी लागण्याचा संभव असतो. तेथे थोड्या मोठ्या स्क्रूंपेक्षा अधिक संख्येचे लहान स्क्रू, अथवा जाळीच्या नळीतून भरलेले राळयुक्त द्रव्य उपयोगी पडते. सह्याद्रीच्या काळ्या दगडाची भिंत अत्यंत कठीण असते; तेथे दगडांमधील सांध्यांचा लाभ घेता येतो. जुन्या वाड्यांच्या भिंती लाकडी सांगाड्यात विटा भरून व चुन्यात बांधलेल्या असतात; यंत्राच्या हादऱ्याने विटा सैल होऊ शकतात. आधुनिक इमारतींतील हलक्या, वायुमिश्रित काँक्रीटच्या ठोकळ्यांमध्ये हादरा न देता छिद्र पाडावे व त्या साहित्यासाठीच तयार केलेले, आत पसरणारे प्लग वापरावेत. काँक्रीटचा खांब वा तुळई उपलब्ध असेल तर अडकपट्टीचे किमान दोन स्क्रू तेथे घेणे सर्वांत विश्वसनीय ठरते.

जुन्या वास्तूंच्या बाबतीत आणखी एक निकष लागू होतो, तो प्रत्यावर्तनीयतेचा. आज केलेली जोडणी उद्या काढली तर वास्तू पूर्ववत व्हावी, ही अपेक्षा वास्तुजतनाच्या क्षेत्रात मान्य आहे. या दृष्टीने दगड वा वीट न भोसकता चुन्याच्या सांध्यात छिद्र पाडणे पसंत केले जाते, कारण सांधा पुन्हा भरता येतो. फुटलेला घडीव दगड पुन्हा जोडता येत नाही. सांध्याची पकड कमी असल्याने तेथे फलक हलका ठेवणे व आधारबिंदू वाढविणे क्रमप्राप्त होते. संरक्षित स्मारकांवर मात्र परवानगीवाचून एक खिळाही ठोकता येत नाही. प्राचीन स्मारके तथा पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ अन्वये अशा वास्तूस इजा पोहोचविणे हा अपराध आहे.

७. धातूंचे परस्परसंबंध व पावसाळा

दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांस चिकटून राहिले की त्यांच्यात अतिसूक्ष्म विद्युत्-घट निर्माण होतो आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू झपाट्याने झिजतो. तांबे वा पितळ यांना साध्या लोखंडी स्क्रूने जोडले तर फलक शाबूत राहतो व स्क्रू नाहीसा होतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या कितीतरी पट जागा व्यापते. त्यामुळे छिद्राभोवतीचा गिलावा तडकतो व पाण्याला नवी वाट मिळते.

लपलेल्या जोडणीत या क्रियेचे काय परिणाम होतात, याचे जगप्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा हे होय. १८८६ मध्ये उभारलेल्या या पुतळ्याची कातडी सुमारे २.४ मि.मी. जाडीच्या, हाताने ठोकून आकार दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांची आहे. तिच्या मागे लोखंडी पट्ट्यांचे जाळे असून त्या पट्ट्या तांब्याच्या खोगीरवजा कड्यांनी पत्र्याला धरून ठेवलेल्या होत्या. दोन धातूंमध्ये लाखेत भिजविलेल्या ॲस्बेस्टॉसचा थर दिला होता. अर्थात मूळ रचनाकारांना धोक्याची जाणीव होती. कालांतराने तो थर झिजला, ओल शिरली, लोखंड गंजून फुगले आणि रिव्हेट पत्र्यातून उपटले गेले. १९८४ ते १९८६ या काळातील दुरुस्तीत लोखंडी पट्ट्यांच्या जागी स्टेनलेस पोलादाच्या पट्ट्या बसविण्यात आल्या व मध्ये टेफ्लॉनचा थर देण्यात आला. पुतळ्याच्या आतून माणसाला जाता येत असल्यामुळेच हा बिघाड पाहता व दुरुस्त करता आला. दारावरच्या फलकामागे मात्र कोणी शिरू शकत नाही.

यावरून निघणारे नियम सोपे आहेत. स्क्रू व पट्टी स्टेनलेस पोलादाची असावी. समुद्राजवळ ‘३०४’ ऐवजी ‘३१६’ प्रतीचे पोलाद घ्यावे. भिन्न धातूंमध्ये नायलॉनची चकती वा नळी द्यावी. ॲल्युमिनियमची अडकपट्टी तांब्या-पितळेला थेट लावू नये. फलक व भिंत यांत किमान ६ ते १० मि.मी. मोकळी जागा ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी वाहून जाईल व हवा खेळेल. रोधक द्रव्य स्क्रूच्या छिद्राभोवती भरावे. मात्र फलकाची खालची कड बंद करू नये, अन्यथा आत शिरलेले पाणी अडकून राहते.

पितळी फलकाच्या स्वच्छतेचाही येथे संबंध येतो. दसरा-दिवाळीला चिंच वा लिंबू लावून पितळ उजळण्याची रीत घरोघरी आहे. हे आम्ल फलकाच्या कडेवरून मागे ओघळते व पूर्ण धुतले गेले नाही तर जोडणीवर राहून तिला खाते. शिवाय घासताना हाताचा दाब व ओढ सैल झालेल्या जोडणीवर येते. फलक काढून घासता आला तर दोन्ही दोष टळतात.

८. बसविण्याचा क्रम

उपर्युक्त विवेचनाच्या आधारे बसविण्याचा पुढील क्रम सुचविता येईल. (१) फलकाचे वजन प्रत्यक्ष तोलून नोंदवावे. (२) भिंतीचा प्रकार व गिलाव्याची जाडी एका लहान चाचणी-छिद्राने तपासावी. हे छिद्र फलकामागे झाकले जाईल अशा जागी घ्यावे. (३) भिंतीतील विजेच्या तारा व पाण्याचे नळ यांचा मार्ग शोधावा. बटणाच्या पाटीपासून सरळ वर किंवा खाली छिद्र घेण्याचे टाळावे. (४) फलकाच्या पाठीवरून पूर्ण आकाराचा कागदी छाप घ्यावा. पाठीवरून घेतलेला छाप उलटा असतो, हे ध्यानात ठेवून तो पालटून भिंतीवर लावावा. (५) ओळंबा व पाणपातळी यांनी शिरोरेषा जुळवावी. जुन्या इमारतीत दाराची चौकटच कललेली असल्यास डोळ्यांना फलक वाकडा वाटतो. अशा वेळी पाणपातळी आणि चौकट यांपैकी कोणास प्रमाण मानावयाचे हे आधीच ठरवावे. (६) छिद्रे पाडून, भुकटी काढून पट्टी पक्की करावी आणि फलक चढविण्यापूर्वी फलकाच्या काही पट भार पट्टीला टांगून तिची परीक्षा घ्यावी. (७) फलक चढवून खालचा जखडस्क्रू पिळावा.

यानंतरचे एक काम बहुधा कोणीच करीत नाही. जोडणीचे रेखाचित्र काढून त्यावर स्क्रूंच्या जागा, फलकाचे वजन, वापरलेले साहित्य व फलक काढण्याची रीत नोंदवावी आणि तो कागद घराच्या वा दुकानाच्या इतर कागदपत्रांसोबत ठेवावा. मालक बदलतो, कारागीर निवर्ततो, भिंतीला नवा रंग दिला जातो. अशा वेळी फलक न मोडता उतरविण्याचे ज्ञान केवळ त्या कागदावर शिल्लक असते.

९. निष्कर्ष

(१) अदृश्य जोडणी ही फलक तयार झाल्यावर शोधावयाची युक्ती नसून फलकाच्या घडणीआधी ठरवावयाची रचना आहे. (२) बाह्य भिंतीवर फलकाच्या वजनापेक्षा वाऱ्याचे बल अधिक असू शकते. म्हणून खालचा टेकू व जखडस्क्रू अनिवार्य आहेत. (३) देवनागरीची शिरोरेषा अडकपट्टीस नैसर्गिक आडोसा व आधार देते. अनुस्वार, उकार व खंडित शिरोरेषेची अक्षरे यांची मात्र स्वतंत्र काळजी घ्यावी लागते. (४) स्क्रू, पट्टी व फलक यांचे धातू एकमेकांस अनुकूल नसतील, तर भक्कम दिसणारी जोडणी आतून पोखरली जाते. (५) जोडणी दिसू नये हे इष्ट असले तरी ती हाताला लागणारी, तपासता येणारी व उलगडता येणारी असावी. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर दसऱ्याच्या स्वच्छतेच्या वेळी, फलक उतरवून त्याची पाठ पाहण्याची सवय लागल्यास कारागिराचे श्रम, भिंत आणि दाराखालून जाणारा माणूस या तिन्हींचे रक्षण होईल.